खानदेशातील परसबाग

खानदेशातील परसबाग म्हणजे तापी खोऱ्यातील जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत घरामागे, अंगणाच्या कडेला, खळ्यात आणि अलीकडे गच्चीवर घरच्या उपयोगासाठी केली जाणारी भाजीपाल्याची व फळझाडांची लागवड होय. जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला व त्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. या लेखात मुख्यतः जळगाव व धुळे जिल्ह्यांतील परसबागेचा विचार केला आहे.

केळी व कापूस या दोन नगदी पिकांमुळे खानदेशाची शेती सर्वपरिचित आहे. परसबागेची मात्र त्या मानाने फारशी नोंद झालेली नाही. घरच्या भाजीची वर्षभराची सोय एवढेच तिचे महत्त्व नाही. भरताची वांगी, गंगाफळ, गिलकी, वाल यांची गावोगावची बियाणी ज्या ठिकाणी टिकून राहिली त्यांत परसाचा वाटा मोठा आहे. या बागेची रचना जमिनीपेक्षा पाण्यावर, त्यातही उन्हाळ्यात घरातून सांडणाऱ्या पाण्यावर ठरते, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य होय.

हवामान व जमीन

उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठा-सातमाळा या डोंगररांगांच्या मध्ये खानदेशाचा सखल पट्टा येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळ भागातील कमाल तापमान सरासरी ४२ ते ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते व काही दिवस ते ४५ अंशांच्या पुढे जाते. हिवाळ्यात मात्र रात्री थंड असतात. धुळ्याचे किमान तापमान कित्येकदा १० अंशांच्या बरेच खाली उतरते. जळगाव जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० मि.मी. पाऊस पडतो, धुळे व शिंदखेडा भागांत तो याहून कमी असतो. यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. ‘उष्ण हवामानातील बाग’ म्हटले की कोकणातील नारळ-सुपारीचे आगर डोळ्यांसमोर येते. पण तेथील उष्णता दमट आहे आणि खानदेशातील कोरडी. म्हणून कोकणातील परसाचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. अळूसारखी काही मोजकी पिके तेवढी दोन्हीकडे दिसतात.

तापीच्या उत्तरेस चोपडा, यावल व रावेर तालुक्यांत खोल गाळाची जमीन आहे. मधल्या पट्ट्यात काळी कापसाची जमीन, तर धुळे-साक्री भागात अनेक ठिकाणी मुरमाड व उथळ जमीन आढळते. काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते व वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत झाडांची बारीक मुळे तुटतात आणि त्या भेगांतून खालच्या थरातील ओलही उडून जाते. पावसाळ्यात हीच जमीन पाणी धरून ठेवते व मुळे कुजतात. त्यामुळे एकाच वाफ्याची रचना ऋतूप्रमाणे बदलावी लागते. पावसाळ्यात भाजी गादीवाफ्यावर घ्यावी, उन्हाळ्यात मात्र वाफा सभोवतालच्या जमिनीपेक्षा थोडा खोलगट असावा. मुरमाड जमिनीत फळझाडासाठी दोन ते तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू देतात आणि पावसाच्या तोंडावर तो तलावाचा गाळ किंवा पोयटा व शेणखत यांनी भरतात.

चुनखडीयुक्त जमिनीत लिंबू, पेरू यांसारख्या झाडांची कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा लोहाच्या कमतरतेचा परिणाम असतो. लोह जमिनीत असते, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. म्हणून नुसते खत वाढवून उपयोग होत नाही. हिराकशीच्या ०.५ टक्के द्रावणाची फवारणी, भरपूर शेणखत आणि पाण्याचा ताबा हे यावरचे उपाय आहेत. पाणी फार झाल्यानेही हीच लक्षणे दिसतात आणि घरच्या बागेत बहुधा तेच कारण असते.

पाणी

पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीची सिंचनव्यवस्था काही शतके चालत आली आहे. नदीवर लहान बंधारा बांधून पाटाने पाणी आणायचे, लाभक्षेत्राचे ‘फड’ पाडायचे, कोणत्या वर्षी कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे गावाने ठरवायचे आणि पाणी देण्याचे काम शेतकऱ्याने स्वतः न करता नेमलेल्या पाटकऱ्याने करायचे, असे तिचे स्वरूप होते. या व्यवस्थेत पाणी शेताचे होते. गावठाणातील घरामागच्या परसाचा तिच्यात वाटा नव्हता. परसाला मिळे ते आडाचे किंवा विहिरीचे शेंदलेले पाणी, आणि त्याहीपेक्षा मोरीचे.

न्हाणीचे व भांडी घासण्याचे पाणी एका चारीने परसात सोडण्याची रीत जुन्या घरांत सर्वत्र होती. चारीच्या तोंडाशी अळू व कर्दळ, पुढे केळीचे बेट, त्यापुढे लिंबू किंवा पेरू असा क्रम आजही अनेक गावांत दिसतो. अळू व कर्दळ यांच्या मुळांत गाळ अडतो व जरा निवळलेले पाणी पुढे जाते. पूर्वी भांडी राखेने घासली जात. आता धुण्याच्या व भांड्यांच्या चुऱ्यातील सोडियमयुक्त क्षारांनी या पाण्याचा गुण बदलला आहे. सोडियम साठत गेले की काळ्या मातीचे कण विस्कटतात, जमीन वरून घट्ट होते व पाणी मुरेनासे होते. म्हणून कपडे धुण्याचे पाणी परसात घेऊ नये. न्हाणीचे व भांड्यांचे पाणीही एकाच ठिकाणी न सोडता आळीपाळीने वेगवेगळ्या आळ्यांत सोडावे. कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात यांना ते देऊ नये. पावसाळ्यातील गोड्या पाण्याने साठलेले क्षार बऱ्याच अंशी धुऊन जातात; मात्र त्यासाठी पाण्याला निचरा हवा.

या पाण्यात किती बाग जगते याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. मे महिन्यात पाल्याने पूर्ण झाकलेल्या एक चौरस मीटर वाफ्याला येथे दिवसाला साधारण ७ ते ८ लिटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेवढी जागा मे महिन्यात हिरवी ठेवायची तर रोज ७०० लिटरहून अधिक पाणी हवे. पाच माणसांच्या घरात आंघोळीचे व भांड्यांचे मिळून १५० लिटर पाणी निघते असे धरले तर त्यावर जेमतेम २० चौरस मीटर जागा तगते. डिसेंबरात पाण्याची ही गरज निम्म्यावर येते, म्हणजे तेवढ्याच पाण्यात दुप्पट जागा पिकते. अनेक नगरांत नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येत असताना पिण्याच्या पाण्यावर बाग पोसणे शक्य नाही आणि योग्यही नाही. परिणामी खानदेशातील चांगली परसबाग वर्षभर सारखी हिरवी नसते. ती पावसाळ्यात पसरते, हिवाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात मोरीच्या आसपास आक्रसते. उन्हाळ्यात ओसाड दिसणारे वाफे ही माळ्याची हयगय समजली जाते, पण बहुतेक वेळा तो त्याचा शहाणपणा असतो.

पाणी वाचवण्याची साधने जुनी व नवी दोन्ही वापरात आहेत. भाजलेल्या मातीचे, रोगण न दिलेले मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यात पाणी भरतात व वर झाकण ठेवतात. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते आणि माती ओली असेल तेव्हा झिरपणे आपोआप मंदावते. अशा मडक्याभोवती दोन-तीन वेल सहज वाढतात. पाणी क्षारयुक्त असल्यास मडक्याची छिद्रे बुजतात व एक-दोन वर्षांत ते बदलावे लागते. ठिबक सिंचनाच्या प्रसारात जळगावच्या जैन इरिगेशन या उद्योगाचा वाटा मोठा आहे. केळीच्या बागांतून रुळलेल्या या नळ्या पुढे घरच्या बागेतही आल्या. चार-पाच फूट उंचीवर ठेवलेल्या पिंपाला नळ्या जोडून विजेशिवाय ठिबक चालवता येते. मात्र पाणी गाळून घेतले नाही तर तोट्या बंद पडतात.

या सर्वांपेक्षा स्वस्त उपाय आच्छादनाचा. केळीची वाळलेली पाने, गव्हाचा भुसा, भुईमुगाची टरफले, उसाचे पाचट यांतील जे मिळेल त्याचा तीन-चार बोटे जाडीचा थर झाडाच्या बुंध्याला न टेकवता आळ्यात पसरतात. थराखालची माती थंड राहते व काळ्या जमिनीच्या भेगाही कमी पडतात. वाळवी असलेल्या जागी मात्र थर पातळ ठेवावा लागतो.

सावली व कुंपण

बागेला सर्वाधिक त्रास दुपारनंतरच्या पश्चिमेकडील उन्हाचा व उष्ण वाऱ्याचा होतो. म्हणून शेवगा, बोर, सीताफळ अशी झाडे पश्चिम व नैर्ऋत्य बाजूला लावून भाजीचे वाफे त्यांच्या पूर्वेस ठेवतात. शेवग्याची सावली विरळ असल्याने तिच्याखाली पालेभाजी चालते. कडुनिंबाच्या झाडाखाली मात्र काही नीट येत नाही. त्याच्या दाट सावलीपेक्षाही त्याची मुळे पाणी ओढतात हे कारण मोठे आहे. रोपांवर पूर्वी तुराट्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या यांचा मांडव घालीत. आता ५० टक्के सावलीची हिरवी जाळी वापरतात. मांडवाचा फायदा असा की त्यावर वेल चढवून सावली व भाजी दोन्ही मिळतात. शेळ्या व मोकाट जनावरे यांच्यापासून संरक्षणासाठी बोरीच्या काट्यांचे कुंपण करण्याची पद्धत जुनी आहे.

वर्षाचा क्रम

परसबागेचे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यापासून सुरू होते. गिलके (अन्यत्र घोसाळे), दोडके, कारले, दुधी, गंगाफळ (लाल भोपळा) यांच्या बिया कुंपणालगत व मांडवाच्या खांबांशी टोचतात. धाब्याच्या मातीच्या घरांवर गिलक्याचे किंवा भोपळ्याचे वेल चढवण्याची रीत होती. सिमेंटच्या छतावर तापलेल्या पृष्ठभागामुळे वेलाचे शेंडे करपतात, म्हणून खाली वाळलेला पाला अंथरावा लागतो. याच सुमारास भेंडी, गवार, चवळी, वाल यांची पेरणी आणि वांगी व मिरची यांची रोपे तयार करणे चालते. पावसाळ्यात न लावता मिळणाऱ्या भाज्यांचेही परसात स्वागत होते. घोळ, तांदुळजा व कुंपणावर चढणारे कटुर्ले (कर्टोली) ही त्यांतील नेहमीची नावे.

भाद्रपदातील ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे धान्य व भाजी खाण्याची मनाई पाळली जाते. हाताने खणून पिकवलेल्या परसातील भाजीला त्या दिवशी विशेष महत्त्व येते. श्रावणातील कानबाईच्या उत्सवात रोटांबरोबर गंगाफळाची भाजी असते. मृगाला लावलेल्या वेलाचे पक्के फळ मात्र तेव्हा क्वचितच हाती येते. त्यामुळे मागील हंगामातील फळ माळ्यावर जपून ठेवले जाई. अखंड देठासह काढलेले गंगाफळ कोरड्या जागी कित्येक महिने टिकते.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, मुळा, गाजर, कांदा, लसूण व टोमॅटो यांचा हंगाम येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने परसबागेचे सर्वांत फलदायी असतात. मेथी, कोथिंबीर एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरली तर घरच्या गरजेला पुरते व वाया जात नाही. दिवसाचे तापमान ३५ व रात्रीचे २५ अंशांच्या पुढे राहू लागले की टोमॅटोची फुले गळतात. म्हणून टोमॅटोची रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरात लावून मार्चपर्यंत फळे काढून घेणे इष्ट. उन्हाळ्यात टोमॅटो टिकवण्यासाठी पाणी वाढवणे हा निष्फळ खटाटोप आहे. झाड हिरवे राहते, फळ धरत नाही.

उन्हाळी पिकांची निवड मोजकी असते. भेंडी, गवार, चवळी व काकडी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत पेरली तर उन्हाचा कहर सुरू होण्याआधी त्यांचा मुख्य बहर हाती येतो. पोकळा व अंबाडी उन्हाळ्यातही पानावर येतात. एप्रिल-मे महिन्यांत नवी लागवड न करता वाफे खणून उन्हात तापवणे, कंपोस्ट चाळणे व खड्डे भरणे ही कामे उरकतात. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे खानदेशातल्या आखाजीला, घागरीच्या पूजेत आंबा व खरबूज ठेवतात. ही खरबुजे परसातली नसून बहुधा नदीपात्रातील वाड्यांतली असतात. वाळूत खोल आळी करून खालच्या ओलीवर वेल वाढवण्याची ती शेती धरणांमुळे व वाळूच्या उपशामुळे बरीच आटली आहे.

भरताची वांगी

जळगाव परिसरातील भरताचे वांगे मोठे, फिकट हिरवे, पांढरट पट्ट्यांचे, पातळ सालीचे व कमी बियांचे असते. यावल तालुक्यातील बामणोद व जळगावजवळील आसोदा या गावांची वांगी विशेष नावाजली जातात. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेरही आसोदा हेच. ‘जळगावचे भरताचे वांगे’ आणि ‘जळगावची केळी’ या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

पावसाळ्यात रोपे करून लावलेले झाड दिवाळीच्या सुमारास फळांवर येते व थंडीभर फळे देते. चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणारी घरे मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते खाण्यास सुरुवात करतात. हा धार्मिक संकेत पिकाच्या हंगामाशी चांगला जुळतो, कारण पावसाळी वांग्यात कीड अधिक व चव कमी असते. तुराट्या किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी लाकडी भांड्यात ठेचून, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे व कांद्याची पात घालून भरीत करतात व ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. मिरची, लसूण, पात, कोथिंबीर हे सर्व त्याच वेळी परसात तयार असते. किंबहुना हिवाळी परसबागेची आखणी भरताभोवती झाली आहे असे म्हणता येईल.

घरच्या गरजेला चार ते सहा झाडे पुरतात. दोन झाडांत अडीच ते तीन फूट अंतर ठेवतात. फळे जड असल्याने फांद्यांना आधार द्यावा लागतो. फळ चकचकीत असतानाच तोडावे. साल निस्तेज झाली की बिया पक्व होऊन गर कडवट होतो. शेंडा व फळ पोखरणारी अळी ही मुख्य कीड होय. वाळलेला शेंडा दिसताच तो खालच्या बाजूने कापून नष्ट करणे व किडकी फळे झाडाखाली न टाकता पुरून टाकणे एवढे काम आठवड्यातून दोनदा नेमाने केले तर चार-सहा झाडांवर औषध फवारण्याची वेळ सहसा येत नाही.

फळझाडे

परसाच्या फळझाडांची विभागणी पाण्यावरून करणे सोयीचे ठरते. सतत पाणी मागणारी केळी व पपई मोरीजवळ, मध्यम पाण्यावर येणारी लिंबू, पेरू, चिकू, डाळिंब त्यापुढे, आणि एकदा जीव धरल्यावर पावसावर जगणारी सीताफळ, बोर, शेवगा, आवळा, कवठ कडेला.

केळीच्या शेतीत मृग बाग व कांदे बाग असे लागवडीचे दोन हंगाम आहेत. परसात पावसाळ्याच्या आरंभी लावलेला कंद सोयीचा. लागवडीपासून घड निघेपर्यंत साधारण वर्ष लागते. एका बेटात एक घडावर आलेले झाड, एक अर्ध्या वयाचे व एक लहान पिल्लू एवढेच ठेवून बाकीची कापत राहावे. तसे न केल्यास बेट दाट होते आणि घड लहान येतात. हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली की पाने पिवळी पडून वाढ थांबते. या विकाराला शेतकरी ‘चरका’ म्हणतात. अशा वेळी रात्री पाणी देणे व उत्तरेकडील गार वाऱ्याला आडोसा करणे उपयोगी पडते.

केळीच्या पट्ट्यात परसबाग करणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. काकडीवरील मोझॅक विषाणूमुळे केळीवर येणारा रोग, ज्याला या भागात ‘हरण्या’ म्हणतात, मावा किडीमार्फत पसरतो. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची व अनेक तणे यांच्यावर हा विषाणू राहतो. रावेर-यावल भागात घर शेतातच असेल तर वेलभाज्या केळीच्या बागेला लागून न लावता दूर लावाव्यात आणि पानांवर पिवळ्या-हिरव्या छटांची नक्षी उमटलेला वेल तत्काळ उपटून नष्ट करावा. परसातील एका रोगट वेलाची किंमत शेजारच्या शेतकऱ्याच्या पूर्ण बागेला मोजावी लागू शकते.

पपईची लागवड खानदेशात मोठ्या प्रमाणावर होते व ‘तैवान ७८६’ हा वाण सर्वाधिक परिचित आहे. पपईच्या बुंध्याशी पाणी साचले तर काही दिवसांतच बुंधा सडतो. म्हणून ती उंचवट्यावर लावून पाणी जरा अंतरावरून द्यावे. जुन्या गावठी पपईत नर व मादी झाडे वेगळी असतात. त्यामुळे एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुले आल्यावर जादा नर झाडे काढून टाकतात. परागीकरणासाठी एखादे ठेवतात.

कागदी लिंबाला खैऱ्या रोग व पाने खाणारी अळी यांचा उपद्रव होतो. ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व पुढे हिरवी होते; लहान झाडावर ती हाताने वेचणे पुरेसे असते. पेरूमध्ये ‘सरदार’ म्हणजेच लखनौ-४९ हा पुण्याच्या गणेशखिंड येथे निवडलेला वाण येथे चांगला येतो. सीताफळ उन्हाळ्यात पाने गाळते व पावसाबरोबर फुटते. ज्या काळात घरात पाण्याची ओढ असते त्या काळात ते पाणी मागतच नाही. पाण्याची हमी नसलेल्या घराने पहिले झाड म्हणून याचीच निवड करावी.

बोरही याच जातकुळीतले. जळगाव शहराच्या मेहरूण तलावाच्या परिसरावरून नाव पडलेले मेहरूण बोर गोडीसाठी ओळखले जाते. शहर वाढत गेले तसतशी तलावाजवळची बोरांची झाडे कमी होत गेली. बोराचे झाड बीपासून लावल्यास आईसारखे फळ देईलच असे नाही. म्हणून गावठी बोरीच्या रोपावर मेहरूणच्या चांगल्या झाडाचा डोळा भरतात. गावठी रोपाचे सोटमूळ खोल जात असल्याने ते आधी कायम जागी वाढवून तेथेच पावसाळ्याच्या सुरुवातीस डोळा भरणे उत्तम. फळे नव्या फुटीवर येतात, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत, झाड पाने गाळून विसावलेले असताना, छाटणी करतात. मेहरूण बोर टिकायचे असेल तर त्याची वाट आता फळबागांपेक्षा घरांच्या आवारांतूनच जाते, कारण बाजारासाठी लागवड करणारे मोठ्या फळांच्या वाणांकडे वळले आहेत.

कीड व रोग

चहूकडे कपाशी असल्याने परसातील भेंडीवर कपाशीच्याच किडी येतात. भेंडी व कपाशी एकाच कुळातील आहेत. तुडतुडे, पांढरी माशी, ठिपक्यांची बोंडअळी या दोघींनाही उपद्रव देतात. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या केवड्याने भेंडीची पाने पिवळी पडतात. परभणी क्रांती, अर्का अनामिका हे वाण या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतात. वेलभाज्यांत फळमाशीचा त्रास होतो. कोवळ्या फळांना कागदी किंवा कापडी पिशवी बांधणे हा घरगुती बागेपुरता खात्रीचा उपाय आहे. सर्वसाधारण रसशोषक किडींसाठी ५ टक्के निंबोळी अर्क वापरतात. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, सकाळी गाळून, एक लिटर द्रावण करतात व संध्याकाळी फवारतात. शेतासाठी आणलेली कीटकनाशके उरली म्हणून परसात मारण्याची सवय घातक आहे. कपाशीवर फवारायचे औषध दुसऱ्या दिवशी तोडून खायच्या भाजीसाठी बनवलेले नसते.

बियाणे

गिलक्याचे एक चांगले फळ वेलावरच वाळू देऊन त्यातच बी राखणे ही जुनी पद्धत होय. बी काढल्यावर उरणारी जाळी अंग घासायला वापरतात. वांग्याचे बी घेण्यासाठी निरोगी झाडावरचे दुसऱ्या-तिसऱ्या तोडीचे फळ पिवळे होईपर्यंत ठेवतात, गर पाण्यात कुस्करून बुडालेले बी घेतात व सावलीत वाळवून राखेत घोळून ठेवतात.

वाल व चवळी यांत बहुतांशी स्वपरागीकरण होत असल्याने त्यांचे वाण घरच्या घरी शुद्ध राहतात. वेलभाज्यांचे तसे नाही. कीटकांमुळे त्यांत संकर होतो. दोन वेगळी गंगाफळे जवळ असतील तर पुढच्या वर्षी तिसरेच फळ निघते. त्यासाठी संध्याकाळी, उमलण्याच्या बेतात असलेली नर व मादी फुले दोऱ्याने बांधून ठेवतात. सकाळी त्याच वाणाच्या नर फुलाचा पराग मादी फुलाला लावून ते पुन्हा बांधतात व त्या फळावर खूण करतात. वांग्यातही काही प्रमाणात संकर होतो. शेजारी संकरित वांग्याची लागवड असताना राखलेले भरताचे बी दोन-तीन पिढ्यांत बदलू लागते, ही अडचण आता सर्वत्र आहे.

भौगोलिक मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. बी टिकवण्याचे काम त्याने होत नाही. ते काम घराघरांत, मुख्यतः स्त्रियांनी, गाडग्यांत व कापडी पुरचुंड्यांत केले आहे. माहेरहून सासरी आलेले बी, शेजारणीला दिलेले बी, अशी या वाणांची वाटचाल झाली. विकतचे संकरित बियाणे दर वर्षी नव्याने घ्यावे लागते व त्याच्या फळातले बी पुढे तसेच उगवत नाही, हे माहीत असूनही सोयीमुळे ते परसात शिरले आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्याला स्वतःचे बी राखण्याचा, वापरण्याचा व देवाणघेवाण करण्याचा हक्क आहे. भरताच्या वांग्याचे एखादे झाड दर हंगामात बियाण्यासाठी राखून ठेवणे कोणत्याही परसाला परवडणारे आहे.

गच्चीवरील बाग

जळगाव, धुळे, भुसावळ या शहरांत परस उरले नसल्याने बाग गच्चीवर गेली आहे. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड ते दोन टन भरते. म्हणजे अर्धा फूट मातीचा थर चौरस मीटरला साधारण सव्वादोनशे ते तीनशे किलो भार देतो. घरगुती छत सहसा एवढ्या भारासाठी आखलेले नसते. म्हणून सर्वत्र माती न पसरता कुंड्या तुळयांच्या व भिंतींच्या वर, कडेने ठेवाव्यात आणि मातीत नारळाचा भुसा व कंपोस्ट मिसळून ती हलकी करावी. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मे महिन्यात एवढ्या तापतात की मुळे भाजून निघतात. पिशव्यांना चुना लावणे, त्या एकमेकींना खेटून ठेवणे व पश्चिमेला जाळी बांधणे यांनी फरक पडतो. तरीही गच्चीवर एप्रिलनंतर पोकळा, पुदिना, कढीपत्ता यांपलीकडे फारशी अपेक्षा धरू नये.

शाळा व अंगणवाड्यांतील परसबागा

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांच्या सातपुडा व सह्याद्रीलगतच्या आदिवासी भागांत, जेथे बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न जुना आहे, तेथे बाजारातून एवढी भाजी विकत घेणे अनेक कुटुंबांना शक्य नसते. राज्यात शालेय पोषण आहार योजनेला जोडून शाळांमध्ये परसबागा उभारल्या जातात. अंगणवाड्या व महिला बचत गट यांच्यामार्फतही पोषण परसबागेचा प्रसार होतो. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, त्याच्या कार्यक्षेत्रातील धुळ्याचे कृषी महाविद्यालय आणि रावेर तालुक्यातील पाल येथील कृषी विज्ञान केंद्र या संस्थांकडे स्थानिक हवामानाला साजेसे वाण व मार्गदर्शन मिळू शकते.

शाळेच्या बागेची अडचण वेळापत्रकाची असते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा लागवड होते, हिवाळ्यात बाग भरते आणि मे महिन्याच्या सुट्टीत, पाण्याची सर्वाधिक गरज असताना, तिच्याकडे पाहायला कोणी नसते. म्हणून शाळांच्या आवारात हंगामी भाज्यांच्या जोडीला शेवगा, कढीपत्ता, सीताफळ, आवळा अशी सुट्टी सोसणारी झाडे लावणे उपयुक्त ठरते. त्यांतही शेवग्याला पहिली पसंती द्यावी. छाट कलमापासून किंवा बीपासून तो लवकर वाढतो, पहिल्या-दुसऱ्या वर्षीच शेंगा देतो आणि त्याच्या पानांत लोह, कॅल्शियम व अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य भरपूर असते. खानदेशात शेंगा आवडीने खाल्ल्या जातात. पाल्याची भाजी त्या मानाने कमी घरांत होते. दर वर्षी शेंगा संपल्यावर झाड तीन-चार फुटांवर छाटले तर पाला व शेंगा मुलांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर राहतात.